धूळ उडवली, पण गेली कुठे?

‘आदिलाबादकडे गेलात तर गाडीच्या सीटखाली हत्ती सापडतो,’ असे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितले तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. पण ज्यांच्या घरात आई मराठीत रागावते आणि आजी कन्नडमध्ये समजूत घालते, अशा आपल्या वाचकांना त्यातली गंमत लगेच कळेल. कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस! तेलुगूत तोच ‘पत्ति’ होतो. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीसारख्या गावात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला आला की तो घरात, अंगणात, ओसरीवर आणि कपड्यांवर दिसू लागतो. तिथून तो गाडीत शिरतो. सीटच्या फटीत, पट्ट्याच्या खोबणीत, एसीच्या जाळीत त्याचे तंतू अडकून बसतात आणि त्यांवर काळ्या मातीची धूळ चिकटते. साध्या फडक्याने हे निघत नाही. मग गाडी वॉशिंग सेंटरवर नेली जाते आणि घरातली वहिनी मागच्या सीटवरून सांगते, ‘भाऊ, आतून पण जरा हवा मारा हो!’

ही ‘हवा मारणे’ म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेने गाडी आतून साफ करणे. आज खेडोपाडी ही सोय पोहोचली आहे. बटण दाबले की फुस्सकन झोत सुटतो आणि हाताला न लागणाऱ्या फटीतली घाण क्षणात बाहेर उडते. बघताना मोठे समाधान वाटते. पण उडालेली धूळ गेली कुठे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर आपल्या लेकरांच्या आणि गाडी साफ करणाऱ्या पोराच्या छातीत जाऊन पोहोचते.

तामसी हे आदिलाबाद शहराजवळचे, पैनगंगेच्या दक्षिणेकडचे मंडलाचे गाव. नांदेड जिल्ह्यातले तामसा वेगळे, त्याच्याशी गल्लत करू नये. आपल्याला हा मुलुख परका नाही. आपल्या बाजूचा बीदर जिल्हा आणि हा आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी भाषावार प्रांतरचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदरपासून सुटले आणि किनवट आदिलाबादपासून सुटून नांदेडकडे आले. रेषा कागदावर पडल्या, पण सोयरिकी मोडल्या नाहीत. आजही आपली मंडळी माहूरच्या रेणुकेला जातात, जिला आपल्या घरातली कन्नड माणसे सौंदत्तीच्या यल्लम्माचेच रूप मानतात. कोणी नातवाला पाटीवर पहिले अक्षर गिरवायला बासरच्या सरस्वतीकडे नेतात. आता हे प्रवास एसटीऐवजी घरच्या चारचाकीने होतात. परत आल्यावर गाडीत जी माती आणि कापूस येतो, त्याचे करायचे काय, हा प्रश्न त्यामुळे तामसीचा तसाच आपलाही आहे.

सायकलच्या पंपापासून कॉम्प्रेसरपर्यंत

दाबलेली हवा ही सीमाभागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने झाली. सायकल आली म्हणजे हवा भरायचा पंप आलाच! पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९५८ मध्ये याच घराण्याने पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक ही हवेच्या यंत्रांची कंपनी उभी केली. सायकलचा पंप आणि वॉशिंग सेंटरवरचा लाल किंवा निळा कॉम्प्रेसर यांचे तत्त्व एकच. दट्ट्या हवेला दाबतो आणि ती लहान जागेत कोंबली जाते. फरक एवढाच, की कॉम्प्रेसरमध्ये मोटार हे काम करते आणि दाबलेली हवा टाकीत साठून राहते.

हा दाब किती असतो? आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो. कारच्या टायरमध्ये आपण त्यावर ३० ते ३५ पीएसआय भरतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत मात्र १०० ते १५० पीएसआय दाब असतो, म्हणजे टायरच्या तिप्पट-चौपट. हाच दाब बारीक तोंडातून एकदम मोकळा झाला की त्याचा झोत चाकूसारखा निघतो. टायर भरताना ही हवा बंद जागेत जाते. गाडीची सीट साफ करताना ती उघड्यावर, माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर सुटते.

आणखी एक गोष्ट. हवा दाबली की तापते आणि टाकीत ती थंड होताना तिच्यातल्या ओलाव्याचे पाणी होते. सायकलचा पंप गरम होतो हे आपण लहानपणी अनुभवलेच आहे. टाकीच्या तळाशी एक छोटा कॉक असतो, तो उघडून हे पाणी रोज काढावे लागते. ज्या सेंटरवर ते काढत नाहीत, तिथे हवेबरोबर गंजाचे पाणी आणि तेलाचे शिंतोडे आपल्या सीटवर येतात. ‘हवा मारून आणली तरी सीटवर पिवळे डाग कसे?’ असे कोणी विचारले तर बहुधा उत्तर या कॉकपाशी असते.

फुंकायचे की ओढायचे?

हवेने धूळ उडवावी, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यातला दोषही तितकाच जुना आहे. १९०१ मध्ये लंडनला एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. हवेचा जोरदार झोत मारून धूळ उडवायची आणि ती पेटीत जाऊन पडावी, अशी त्याची रचना होती. प्रेक्षकांत ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याच्या लक्षात आले, की बरीचशी धूळ पेटीत न जाता इकडेतिकडे उडून परत खाली बसते. त्याने विचारले, फुंकण्याऐवजी ती ओढून का घेत नाही? त्याला सांगण्यात आले, की ते शक्य नाही.

बूथने मग एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोरात श्वास ओढला आणि रुमाल उलटून पाहिला. खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग! त्याच वर्षी त्याने धूळ ओढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र एवढे मोठे होते, की घोडागाडीवरून घरापुढे आणत आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडत. १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतले गालिचे त्याने साफ केले. आज आपण ज्याला व्हॅक्युम क्लीनर म्हणतो, त्याचा जन्म असा हवेच्या झोताच्या फजितीतून झाला. झोत धुळीला जागेवरून उठवतो, पण तिला नेत नाही. न्यायचे काम ओढणाऱ्या यंत्राचे आहे. गाडी साफ करताना दोघांचीही गरज पडते, आणि गडबड होते ती यातले एकच वापरल्यामुळे.

काळ्या मातीचा ‘कस’

आता ही धूळ काय आहे ते पाहू. आपल्या भागाला आणि आदिलाबादलाही निसर्गाने काळी कापसाची जमीन दिली आहे. मराठीत आपण म्हणतो, या जमिनीचा कस चांगला. कन्नडमध्ये मात्र ‘कस’ म्हणजे केरकचरा! शेतात ती मराठी कस असते आणि गाडीत शिरली की कन्नड कस होते. माती तीच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे, ३० टक्क्यांहून जास्त असते. चिकणमातीचा कण मृदाशास्त्रात २ मायक्रॉनपेक्षा लहान मानतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे हा कण केसाच्या पस्तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक. पावसाळ्यात ही माती चपलेला चिकटून येते. उन्हाळ्यात ती वाळून तिची पावडर होते आणि गाडीच्या गालिच्यात खोल मुरते.

बारीक कणांचा स्वभाव चमत्कारिक असतो. १० मायक्रॉनचा कण मीटरभर उंचीवरून खाली बसायला पाचेक मिनिटे घेतो. १ मायक्रॉनचा कण वारा नसलेल्या बंद जागेत कित्येक तास तरंगत राहतो. म्हणजे सकाळी दारे लावून गाडीत हवा मारली तर दुपारी आपण मुलांना शाळेतून आणायला जाऊ, तेव्हाही ती धूळ आतल्या हवेत असू शकते. डोळ्यांना गाडी स्वच्छ दिसते, पण नाकाला ती तशी नसते. मोठे कण नाकातल्या केसांत अडकतात, शिंक येते आणि ते बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र फुप्फुसांत खोलवर जातात. घरात दम्याचे माणूस असेल, तर गाडी धुऊन आणल्यावर त्याचा खोकला का वाढला, याचे कारण कधी कधी इथे सापडते.

कापसाचे प्रकरण वेगळे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी हा त्रास जास्त होतो. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. आपल्याकडच्या कारखाने कायद्यानेही व्यवसायातून होणाऱ्या आजारांच्या यादीत त्याला जागा दिली. अमेरिकेत १९७८ मध्ये कापसाच्या धुळीविषयी नियम झाला. त्यात स्पष्ट म्हटले, की दुसरा उपाय शक्य असेल तिथे दाबलेल्या हवेने साफसफाई करू नये. करावीच लागली तर करणाऱ्याने योग्य मास्क घालावा आणि ज्याचे तिथे काम नाही त्याने बाहेर जावे. नियम कापडाच्या कारखान्यांसाठी होता. पण हवा आणि कापूस कारखान्यात जसे वागतात तसेच ते मारुतीत आणि बोलेरोतही वागतात. एकदा गाडी साफ करून घेतल्याने आपल्याला बिसिनोसिस होणार नाही, हे खरे. पण हंगामात दिवसाला अनेक गाड्यांत डोके घालणाऱ्या पोराचा हिशेब निराळा आहे.

शेतकऱ्याच्या गाडीत आणखी एक पाहुणा असतो. फवारणीचा पंप, औषधाचे डबे, खताची पोती हे सगळे डिकीतूनच शेतात जाते. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशकाच्या फवारणीने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो लोक दवाखान्यात पोहोचले. ते फवारताना झालेले विषबाधेचे प्रकार होते. पण औषध सांडलेल्या डिकीत थेट हवा मारणे म्हणजे वाळलेले विष पुन्हा हवेत उडवणे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. अशी डिकी हातमोजे घालून आधी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी. तिथे हवेचे काम नाही. ब्रेकच्या ड्रमचेही तसेच. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, त्याची धूळ छातीला अत्यंत घातक. ती हवेने उडवू देऊ नये.

कोणते यंत्र कशासाठी?

बाजारात ‘हवा’ तीन-चार रूपांत मिळते आणि दुकानदार सगळ्यालाच कॉम्प्रेसर म्हणतो. म्हणून थोडी ओळख करून घेऊ.

पहिला टाकीचा कॉम्प्रेसर. त्याचा दाबही भरपूर आणि हवाही भरपूर. एसीची जाळी, सीटचे रूळ, दरवाज्याचे खण यांसाठी तो खरा उपयोगी, पण तो जाणत्याच्या हातात हवा.

दुसरा हातात धरायचा विजेचा ब्लोअर. यात टाकी नसते. पंखा जोरात फिरून पुष्कळ हवा कमी दाबाने फेकतो. बऱ्याच ब्लोअरना पिशवी लावली की ते धूळ ओढूनही घेतात. घरच्या वापरासाठी हाच बरा. धोका कमी आणि दोन्ही कामे एका यंत्रात.

तिसरा गाडीच्या सॉकेटला लावायचा टायरचा छोटा पंप. त्यात दाब असतो, पण हवा इतकी थोडी, की सीट साफ करायला तो निरुपयोगी. टायरपुरताच ठेवावा.

चौथा म्हणजे शहरात मिळणारा ‘हवेचा डबा’. नाव हवेचे असले तरी बहुतेक डब्यांत हवा नसते, द्रवरूप केलेला वायू असतो, आणि तो पुष्कळदा पेट घेणारा असतो. डबा उलटा धरला तर बर्फासारखा थंड द्रव बाहेर येऊन कातडी भाजते. बंद गाडीत तो वापरू नये आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवूनही देऊ नये.

मोठ्या सेंटरवर आजकाल वावटळीसारखी हवा फिरवणारी गन दिसते. तिच्या नरसाळ्यात एक बारीक लवचीक नळी हवेच्या जोरानेच गरगर फिरते आणि सोबतच्या बाटलीतले साबणपाणी ओढून तुषार करते. कापडी सीटवरचा डाग तिने चांगला निघतो. मात्र तिला ९० पीएसआयच्या आसपास दाब लागतो आणि तिचा आवाजही मोठा. साध्या उघड्या नळीचा आवाजसुद्धा ९० डेसिबलच्या वर सहज जातो. दिवसभर हे काम करणाऱ्याने कानात बोळे घालायलाच हवेत.

हे असे करावे

गाडी सावलीत, मोकळ्यावर उभी करावी. चारही दारे आणि डिकी उघडावी. वारा आपल्या पाठीवर घ्यावा, म्हणजे धूळ आपल्यापासून दूर जाते. शेतकऱ्याला हे सांगायला नको, उफणणी करताना आपले आजोबा हेच करत होते.

मॅट बाहेर काढून झटकावेत. मग आधी व्हॅक्युम फिरवावा, नंतर हवा. मोकळी धूळ आधीच ओढून घेतली की उडायला फारसे उरत नाही. हवा मारताना एका हातात गन आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमचे तोंड धरावे. गनने फटीतून उठवायचे आणि व्हॅक्युमने तिथल्या तिथे गिळायचे. घरी दोन माणसांनी मिळून केले तर आणखी सोपे. काम वरून खाली करावे. आधी छत, मग डॅशबोर्ड, मग सीट, शेवटी पायाखालचा गालिचा. सर्वात शेवटी ओलसर फडक्याने सगळे पुसावे, कारण राहिलेली बारीक धूळ ओल्या फडक्यालाच चिकटते.

कापसाचे तंतू फटीत घट्ट बसलेले असतील तर आधी जुन्या दात घासायच्या ब्रशने ते मोकळे करावेत. नुसत्या हवेने ते आणखी आत सरकतात.

दाब कमी ठेवावा. कॉम्प्रेसरला दाब कमी करणारा रेग्युलेटर असतो, तो फिरवायला पैसे पडत नाहीत. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमानुसार साफसफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयपेक्षा कमी करावा लागतो, आणि तेव्हाही उडणाऱ्या कणांपासून बचावाची साधने हवीत. बाजारात बाजूला भोके असलेले सुरक्षित तोंड मिळते. ते चुकून अंगाला दाबले गेले तरी हवा बाजूने निसटते आणि दाब अंगात शिरत नाही. सेंटरवाल्यांनी तेवढे तोंड तरी बदलून घ्यावे.

काही जागा मात्र हवेपासून वाचवाव्यात. स्पीकरचा कागदी पडदा जोराच्या झोताने फाटतो. टचस्क्रीनच्या कडेने हवा मारली तर धूळ काचेच्या आत जाते. सीटखालच्या पिवळ्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना झोतही नको आणि हातही नको. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या खणाच्या मागे असतो. तो काढून हलक्या हाताने झटकावा. जोरात हवा मारली तर त्याचे तंतू फाटतात. मग तो स्वच्छ दिसतो, पण धूळ अडवत नाही. काळवंडला असेल तर बदलून टाकावा. कापसाच्या गावात तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच भरतो.

साफसफाई झाल्यावर लगेच काचा लावून निघू नये. दारे उघडी ठेवून गाडी निवांत उभी राहू द्यावी. निघाल्यावरही पहिली काही मिनिटे काचा खाली ठेवून ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे जाळीत राहिलेले बाहेर पडते. लहान मुलांना त्यानंतरच आत बसवावे.

हवा म्हणजे खेळणे नव्हे

आता थोडे कटू, पण घराघरात बोलायला हवे असे. दाबलेली हवा पाण्यासारखी दिसत नाही, विस्तवासारखी भाजत नाही, म्हणून पोरांना तिचा धाक वाटत नाही. काम संपले की कपड्यांवरची धूळ तिनेच झटकतात, एकमेकांच्या कानाजवळ, पाठीमागे झोत सोडून हसतात. हे हसणे जिवावर बेतते. कानाचा पडदा टायरमधल्या दाबाहून कितीतरी कमी दाबाने फाटतो. कातडीवर जखम असेल तर हवा आत शिरून रक्तात जाऊ शकते. आणि झोत गुदद्वारावाटे पोटात शिरला तर मोठे आतडे काही क्षणांत फाटते. त्यासाठी कपडे उतरवावेही लागत नाहीत.

ऑगस्ट २०१५ मध्ये बांगलादेशातल्या खुलना शहरात गॅरेजमध्ये काम केलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा टायरच्या कॉम्प्रेसरची हवा पोटात सोडून जीव घेण्यात आला. सारा देश हळहळला. तिथे तो छळ होता. मार्च २०२४ मध्ये आपल्या कर्नाटकातच, बेंगळुरूच्या एका दुचाकी सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र मित्रामित्रांच्या थट्टेत असाच प्रकार घडला आणि एक तरुण दगावला. मारणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. म्हणूनच ही गोष्ट जास्त भयंकर. ज्यांची मुले गॅरेजमध्ये काम शिकतात, त्या आईवडिलांनी त्यांना एवढे एकदा स्पष्ट सांगावे, की हवेची गन माणसाकडे रोखायची नाही, थट्टेतही नाही. कपड्यांवरची धूळ हाताने किंवा ब्रशने झटकायची. आणि कोणाच्या बाबतीत असा अपघात झालाच, पोट फुगले, कळा येऊ लागल्या, तर लाजेने लपवायचे नाही. तडक मोठा दवाखाना गाठायचा, कारण तिथे तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात.

गन कोणाच्या हातात आहे, हेही गिऱ्हाईक म्हणून आपण पाहावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला, शाळा सांभाळून घरच्या धंद्याला मदत करण्याचा अपवाद सोडला, तर कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. शाळेच्या वेळेत एखादे लेकरू आपल्या गाडीत डोके घालून हवा मारत असेल, तर मालकाला ‘हा कितवीत आहे हो?’ एवढे विचारायला काय हरकत आहे? भांडण नको. असा प्रश्न चार गिऱ्हाइकांनी विचारला की पाचव्या वेळी मालक स्वतःच विचार करतो.

मोठ्या माणसाच्या बाबतीतही थोडे सौजन्य पुरते. आपण बहुधा गाडी लावतो, ‘लवकर आटपा’ म्हणतो आणि चहाला जातो. घाईत व्हॅक्युम राहून जातो, मास्क खिशातच राहतो आणि पूर्ण दाबाने हवा मारली जाते. त्याऐवजी म्हणावे, ‘भाऊ, दहा मिनिटे जास्त घ्या, पण आधी व्हॅक्युम फिरवा, दाब कमी करा आणि तोंडाला मास्क लावा.’ साधा रुमाल बारीक धुळीला पुरत नाही. कारखान्यात वापरतात तसा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. करोनाच्या दिवसांत आणलेले एन-९५ मास्क कपाटात पडून असतील, तर त्यांतला एखादा न वापरलेला मास्क गाडीच्या खणात ठेवावा आणि त्याला द्यावा. डोळ्यांना चष्माही हवा. काळ्या मातीचा खडा झोताबरोबर उलटून डोळ्यात गेला, तर डोळा कायमचा दुखावतो.

तेलुगूत वाऱ्याला ‘गालि’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘गाळि’, आणि मराठीत ‘गाळणी’ ही अडवून ठेवणारी वस्तू. शब्दांचे नाते असो वा नसो, गाडी साफ करताना या दोघींची जोडी जमवावी लागते. गाळि सोडायची तर जवळ गाळणी हवी. ओढणारा व्हॅक्युम, नाकावरचा मास्क आणि शेवटचे ओले फडके या आपल्या गाळण्या. त्या नसतील तर हवेने धूळ जात नाही, ती फक्त सीटवरून उठून कोणाच्या तरी श्वासात जाते.

येत्या हंगामात तामसीला, किनवटला किंवा आपल्या गावच्या चौकातल्या सेंटरवर गाडी लावली, की दारे चारही उघडून द्या, लेकरांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे करा आणि व्हॅक्युम आधी फिरवायला सांगा. खर्च फार वाढत नाही, दहा मिनिटे तेवढी जास्त लागतात. ती द्यावीत.